पिशव्यांपाशी कोण बसणार

आमच्या घरात सहलीच्या आधी सहलीचा कागद निघतो. माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. कुठल्या मशीनवर कुठला माल कधी चढवायचा हे तो गेली वीस वर्षं ठरवतोय आणि ती मशीनं मुकाट्यानं त्याचं ऐकतात. घरात असं कुणी ऐकत नाही, ही त्याची जुनी खंत. म्हणून तो घरातल्या गोष्टींचेही तक्ते करतो. दिवाळीच्या साफसफाईचा तक्ता असतो, मुलीच्या परीक्षेचा असतो. एकदा माझ्या माहेरच्या लग्नाला जाताना त्यानं ‘आहेर’ आणि ‘जेवण’ यांच्या मध्ये दहा मिनिटं ‘राखीव’ म्हणून ठेवली होती. त्या दहा मिनिटांत माझ्या मावशीनं त्याला गाठलं आणि पाऊण तास स्वतःच्या पित्ताची हकिगत ऐकवली. तेव्हापासून तो राखीव वेळ वीस मिनिटं ठेवतो.

हा तक्ता समुद्राचा होता, आणि तो आईंसाठी होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या बीडकडच्या. लग्न होऊन थेरगावात आल्या, डांगे चौकाच्या मागं दोन खोल्यांत त्यांनी पस्तीस वर्षं संसार केला. सासरे गेले तेव्हापासून त्या आमच्याकडे ताथवड्याला, सातव्या मजल्यावर. वय बाहत्तर, गुडघे दुखतात, पण विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत. काही मागायचं तर त्यांना ठाऊकच नाही. चहा हवा असला तरी ‘तुम्ही घेताय का कुणी?’ असं विचारतात.

अशा बाईनं जानेवारीतल्या एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता मला सांगितलं, “मला एकदा समुद्रात पाय घालायचेत बाई. पण माणसं नसतील तिथं न्या.”

मी म्हटलं, “आई, तुम्ही दोनदा जाऊन आलात की समुद्रावर.”

“आले की. पण पाय कुठं घातले? पिशव्यापाशी होते.”

मी आठवून पाहिलं. खरंच होतं ते. पहिल्यांदा थेरगावच्या सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून टेम्पो केला होता. दुसऱ्यांदा मुलगी लहान असताना आम्ही त्यांना नेलं होतं. दोन्ही वेळा गाजलेला किनारा, घोडे, उंट, भेळ, आणि पाण्यात पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं. एवढ्या लोकांत लुगडं वर धरायचं कसं, म्हणून आईंनी दोन्ही वेळा स्वतःहून पिशव्या मागून घेतल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या. आम्ही मनसोक्त भिजलो. मग ती सवयच पडली. लग्नाचं कार्यालय असो, एसटी स्टँड असो, दवाखाना असो, आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, “आई आहे ना पिशव्यांपाशी!” आणि आम्ही हात हलवत मोकळे. नवरा तर त्यांना थट्टेनं ‘आमची सिक्युरिटी’ म्हणायचा, आणि त्याही हसायच्या. त्या हसतात म्हणजे त्यांना चालतं, हा शोध आम्ही आमच्या सोयीनं लावला होता.

मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं लॅपटॉप उघडला. माझ्या नवऱ्याला भरून आलं की तो लॅपटॉप उघडतो.

शांत किनारा शोधायचा म्हणजे काय दिव्य असतं ते मला तेव्हा कळलं. इंटरनेटवर ‘कुणालाही माहीत नसलेले किनारे’ म्हणून एक यादी सापडली. ती साडेतीन लाख लोकांनी पाहिलेली होती. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर प्रत्येकाकडे एकेक एकदम शांत किनारा निघाला आणि प्रत्येकाच्या फोटोत मागं केळ्यासारखी पिवळी होडी आणि तिच्यावर ओरडणारी आठ माणसं. एकानं तर ‘फार शांत आहे, डीजे रात्री दहाला बंद करतात’ असं लिहिलं. नवऱ्यानं त्या सगळ्यांचा तक्ता केला, त्याला गुण दिले, आणि एकही पास झाला नाही.

शेवटी उत्तर त्याच्या शेजारच्या टेबलावर निघालं. त्याच्याच खात्यात एक कोकणातला मुलगा आहे, कुरुळीला खोली घेऊन राहतो. तो म्हणाला, “भाऊ, एवढं कशाला शोधताय? आमच्या गावी चला. मोठी वाळू आहे, सुरूची झाडं आहेत. कुत्रंसुद्धा भेटायचं नाही तुम्हाला. जेवायला आमच्या घरी, आई आहे.”

त्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्याच शनिवारी तिथं पिवळी होडी येईल.

आता वार ठरवायचा. बाहेरगावच्या लोकांना हे सांगावं लागतं की आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. नवऱ्याला गुरुवार, आणि मी शाळेत शिकवते, म्हणून मला रविवार. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांतल्या समान सुट्ट्या मोजल्या तर संसार जेमतेम तीन वर्षांचा भरेल. (तो टिकण्याचं कारणही तेच असावं, असं माझी बहीण म्हणते.) पण शांत समुद्राला गुरुवारसारखा वार नाही, कारण बाकी सगळं जग तेव्हा कामावर असतं. मी एक किरकोळ रजा टाकली. मुलगी नववीत आहे. शाळा बुडवायला मिळणार म्हटल्यावर तिला आजीबद्दल एकदम माया दाटून आली.

आणि मग कागद निघाला. चक्क छापील. डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे जबाबदारी. पहाटे साडेचारला निघणे, गाडी : नवरा. सव्वासहा, घाटाच्या आधी चहा : मी. दहा ते साडेअकरा पाण्यात : सर्व. एक वाजता जेवण, मासे : सर्व. तीन वाजता परत निघणे, कारण शुक्रवारी त्याची पहिली पाळी आणि पावणेसहाला डांगे चौकातून कंपनीची बस. खाली दोन चौकटी होत्या, ‘तयार केले’ आणि ‘तपासले’. पहिल्या चौकटीत त्यानं सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कंपनीत म्हणे तपासणाऱ्याच्या सहीशिवाय कागद पुढं जात नाही. मी तेव्हा पोळ्या करत होते. पिठाच्या हातानं सही करून टाकली.

एक गोष्ट मात्र मी तेवढ्यातही वाचली होती, ती एक वाजताची. माझा नवरा गुरुवार पाळतो. लग्नाआधीपासून गुरुवारी तो मांस-मच्छीला शिवत नाही. म्हणजे या माणसाच्या नशिबी आठवड्यातली एकुलती एक सुट्टी नेमकी वरणभाताच्या वाराला येते. आमच्या भागात अशी घरोघरची रड आहे. पण कागदावर ‘गुरुवार’ असं कुठंच नव्हतं. कंपनीच्या सवयीनं त्यानं वर ‘साप्ताहिक सुट्टी’ असं लिहिलं होतं आणि त्या आनंदात मासे ठेवले होते. मला हे आठ दिवस आधी दिसलं. मी मूग गिळून बसले. प्रत्येक बायकोला वर्षातून एखादा असा आनंद लागतो.

पहाटे साडेचारला आम्ही निघालो, म्हणजे पाच वाजता. आईंनी आदल्या दिवशीच पिशव्या भरल्या होत्या. चार पिशव्या. एकीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, एकीत चिवडा, एकीत सगळ्यांचे कोरडे कपडे, आणि निळ्या पिशवीत पाण्याच्या सहा बाटल्या. मी म्हटलं, “आई, एवढं पाणी कशाला? आपण समुद्रावर चाललोय.”

“समुद्राचं पेता येतं व्हय?” त्या म्हणाल्या.

गाडी चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागली. आईंनी हात जोडले आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, “आज षष्ठी.” आमच्या घरात तिथी त्या सांगतात. रोज सकाळी सांगतात, कॅलेंडरकडे न बघता. आणि रोज सकाळी आम्ही सगळे जसं ‘हो हो’ म्हणतो तसं त्या दिवशीही म्हणालो.

पावणेदहाला पोहोचलो. नवरा इतका खूश होता की त्यानं गाडीतूनच कागदावर बरोबरची खूण केली. गावाबाहेरची वाट सुरूच्या झाडांतून गेली, झाडं संपली, आणि समोर मैलभर वाळू. उजवीकडे माणूस नाही, डावीकडे माणूस नाही. टपरी नाही, घोडा नाही, होडी नाही.

समुद्रही नव्हता.

म्हणजे होता, पण दूर, अगदी पार तिकडं, एक चकाकती रेघ. मध्ये सगळी ओली चिकट वाळू, चिखल, खेकड्यांची बिळं आणि साचलेली डबकी. मुलगी म्हणाली, “बाबा, समुद्र सुट्टीवर आहे.” नवऱ्यानं कागद पाहिला. कागदावर दहा वाजता समुद्र इथं असायला हवा होता. वीस वर्षं प्लॅनिंग करणाऱ्या माणसानं पेट्रोलपंप धरला होता, घाटातली धुक्याची वीस मिनिटं धरली होती, पण समुद्राची पाळी बघायला तो विसरला होता. ओहोटी होती.

आईंनी कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडे बघितलं. तेवढं अंतर त्या चिखलातून त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे मलाही दिसत होतं. दोन पावलं त्या गेल्या, पाय घोट्यापर्यंत रुतला, त्या परत आल्या.

“तुमी जाऊन या,” त्या म्हणाल्या. “मी बसते पिशव्यापाशी.”

आता हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. आम्ही गेलो. त्यांच्यासाठी ठरवलेल्या सहलीत त्यांना सुरूच्या सावलीत चार पिशव्यांपाशी बसवून आम्ही तिघं गेलो. मीसुद्धा. ‘आलोच हं आई’ असं म्हणून गेले. कागदात दहा ते साडेअकरा पाण्यात असं होतं, आणि कागदात असलं की माणूस ते करतो. पाणी पोटरीएवढं होतं, छान होतं. एकदा वळून पाहिलं तर झाडाखाली एक पांढुरका ठिपका दिसला आणि त्याच्याशेजारी एक तपकिरी. म्हणजे त्या गावात एक कुत्रं होतं, आणि तेही पिशव्यांपाशीच बसलं होतं.

एक वाजता त्या मुलाच्या घरी जेवायला गेलो. त्याची आई दारात उभी होती. साठीच्या घरातली, चटपटीत, आवाज असा की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा. पानं मांडली होती. तळलेले बांगडे, कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. नवरा मांडी घालून बसला, बाह्या सरसावल्या, बांगड्याकडे हात नेला. मी अगदी त्या क्षणापर्यंत थांबले होते.

“अहो,” मी म्हटलं, “आज वार कोणता?”

त्याचा हात हवेतच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बांगड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या नजरेत अठरा वर्षांचा संसार होता. “तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“मी तपासलं होतं ना,” मी म्हटलं आणि माझा बांगडा उचलला. माझा वार सोमवार.

ती बिचारी बाई केवढी हळहळली. “अगो बाय, गुरवार करतात होय? आधी सांगायचं नाय!” म्हणून तिनं पटकन वरणभात टाकला, पापड भाजले. आईही गुरुवार पाळतात, म्हणून माय-लेक शेजारी शेजारी बसून वरणभात जेवले. मुलीनं बाबांच्या वाटणीचेही बांगडे खाल्ले आणि प्रत्येक घासाला ‘काय लागतोय!’ म्हणून सांगितलं. तेवढं शिक्षण मी तिला दिलेलं आहे.

जेवताना त्या बाईनं विचारलं, “सकाळी कशाला गेलात वाळूवर? पाणी तर साडेचाराला भरायचं आज.”

नवऱ्याचे कान टवकारले. “तुम्हाला कसं कळलं? मोबाइलवर बघता का?”

“मोबाइल कशाला? षष्ठी नाय का आज? तिथीची पाऊणपट करायची. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचाराला पुरी भरती. शेंबड्या पोराला माहीत आमच्याकडे.”

आई भात कालवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मी गाडीत म्हणले होते, आज षष्ठी.”

काखेत कळसा म्हणतात तो हा. साडेतीन लाख लोकांची यादी आम्ही चाळली आणि आमच्याच स्वयंपाकघरात रोज सकाळी समुद्राचं वेळापत्रक जाहीर होत होतं. अर्थात आईंनाही तिथीचा समुद्राशी संबंध ठाऊक नव्हता. त्यांच्या बीडला कुठला समुद्र? पण आम्ही एकदा जरी ऐकल्यासारखं ऐकलं असतं तर, असं मला वाटत राहिलं.

अडीच वाजले. कागदाप्रमाणे तीनला निघायचं होतं. आणि सगळ्यांत आधी उठल्या त्या आईच. “चला बाळा, उद्या पहिली पाळी हाय तुझी. घाट हाय मधी.” चारही पिशव्या त्यांनी हाताशी घेतल्या होत्या. तोंडावर नाराजी नाही, काही नाही. पुन्हा एकदा समुद्रापर्यंत येऊन कोरड्या पायांनी परत जायची त्यांची तयारी झालेली होती.

नवरा म्हणाला, “हो, निघायला हवं. अंधार व्हायच्या आत घाट चढलेला बरा.”

माझा स्वभाव तापट आहे, हे शाळेत आणि सासरी दोन्हीकडे माहीत आहे. मी त्याला अंगणात नेलं. म्हटलं, “आपण कशाला आलोय इथं?”

“अगं, पण पाणी साडेचारला. आपण पाच-साडेपाचला निघणार, दहाला पोचणार. पावणेसहाची बस आहे.”

“बस चुकली तर चाकणचा सगळा धंदा बंद पडेल का? त्यांनी बाहत्तर वर्षांत एक गोष्ट मागितली. एक. आणि त्यातही माणसं नसतील तिथं न्या म्हणाल्या, म्हणजे कुणाला आपला त्रास नको.”

त्यानं खिशातून कागद काढला आणि पेनानं ‘तीन’ खोडून ‘साडेपाच’ केलं. मग मला म्हणाला, “बदलाचं कारण लिहावं लागतं.”

“लिहा,” मी म्हटलं. “समुद्र उशिरा आला.”

त्यानं खरंच लिहिलं. हा माणूस मला उगीच आवडत नाही.

चार वाजता परत वाळूवर गेलो तर ओळखू येईना. सकाळी जिथं चिखल होता तिथं पाणीच पाणी, लाटा पार सुरूच्या झाडांपासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन फुटत होत्या. वाळू कोरडी आणि घट्ट. आईंच्या गुडघ्यांसाठीच कुणी समुद्र उचलून आणून ठेवला होता म्हणा. सकाळचं कुत्रं धावत येऊन आईंना ओळख दाखवून गेलं. मुलगी चपला फेकून पळाली.

आणि आई आपल्या सकाळच्या झाडाखाली गेल्या, पिशव्या ओळीनं लावल्या, आणि खाली बसल्या.

“आई, चला की,” मी म्हटलं.

“तुमी जावा. मी बसते.”

मला वाटलं, लाजतायत. “आई, बघा तरी, एक माणूस नाही. कोण बघणार तुम्हाला?”

“तसं न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. त्यांनी कमरेची चंची काढली आणि तिच्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. आमच्याच कागदाची प्रत. नवऱ्यानं प्रत्येकाला एकेक दिली होती. माझी मी किराण्याच्या यादीला वापरली होती. आईंनी घड्या उलगडल्या, चष्मा नीट केला आणि बोट ठेवलं. “हे बघ. माझं काम लिहिलंय.”

मी वाकून वाचलं. सामान सांभाळणे : आई. पूर्ण वेळ.

त्या टोमणा मारत असत्या तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण त्या मनापासून म्हणाल्या, “दर येळेला मी नुसती संगट असते. या येळेला कागदात मला बी काम दिलं. लई बरं वाटलं बघ मला. आता कागदात आलंय, तर नीट करायला पायजे का न्हाई? मला वाटलं, सकाळी तुम्ही बघून आलाव, तर मी बी हितनंच बघून घेते. दिसतोय की चांगला.”

आणि खाली, ‘तपासले’च्या चौकटीत, माझी सही होती. मासे मी तपासले होते. ही ओळ तपासली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी तशीच उभी राहिले. माणसं नसलेला किनारा आम्ही आठ दिवस शोधला, सापडला, मैलभर वाळूवर चिटपाखरू नाही, आणि तरी पिशव्यांवर राखणीला माणूस बसवला होता. कुणापासून राखायच्या होत्या त्या? आणि होतं काय त्यांच्यात? धपाटे आणि टॉवेल!

नवरा मागं येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आईंच्या शेजारी उकिडवा बसला, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ वाचली, दोनदा वाचली. मला वाटलं, आता हा काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेईल. पण त्यानं खिशातलं पेन काढलं, ‘आई’ खोडलं, तिथं स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद त्यांना दाखवला.

“आता माझं काम आहे. तू जा, आई.”

आईंनी तो कागद नीट वाचला. मग त्यांनी जे केलं ते कंपनीत पाळी बदलताना करतात तसंच होतं. उभ्या राहून त्यांनी त्याला सगळा ताबा दिला. “ही कपड्याची. ह्या निळ्या पिशवीत पाणी हाय, झाकण ढिलं हाय एका बाटलीचं. चिवड्याला मुंग्या लागू देऊ नको. आन् मधीच उठायचं न्हाई.”

“नाही उठणार.”

“मोबाइल बघत बसू नको.”

“नाही बघत.”

तेव्हा कुठं त्यांनी चपला काढल्या. त्या चपला त्याच्याकडेच दिल्या, आणि माझ्या हाताला धरून चालायला लागल्या.

पाण्याच्या कडेला आल्यावर त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. कुणीच नव्हतं. मग त्यांनी लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेतलं आणि ओच्यात खोचलं. पहिली लाट आली ती जेमतेम बोटांना लागली. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. दुसरी घोट्यावरून गेली, आणि परतताना तळव्याखालची वाळू घेऊन गेली.

“अगं, पाय सरकूलाले माझे!” त्या ओरडल्या. “धर गं, जमीन चालली!” आणि हसायला लागल्या. ते हसणं मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘आमची सिक्युरिटी’ म्हटल्यावर जे हसायच्या ते वेगळं होतं, हे मला तिथं उभं राहून कळलं.

मग त्या बाहेर यायचं नावच घेईनात. अर्धा तास झाला. नात एका बाजूला, मी एका बाजूला. एक मोठी लाट आली आणि कमरेपर्यंत लुगडं भिजवून गेली. मला वाटलं, आता रागावतील. त्या लाटेलाच म्हणाल्या, “ये की, आजून ये.” मी त्यांच्या गुडघ्यांची आठवण काढली, तर म्हणाल्या, “कुणाचे गुडघे?”

नवऱ्यालाही राहवलं नसावं. तो झाडाखाली उठून उभा राहिला आणि दोन पावलं पुढं आला, एवढंच. आईंनी मागं वळून पाहिलं आणि अशा आवाजात ओरडल्या की माझ्या वर्गातली पोरं जागच्या जागी ताठ बसली असती.

“बस खाली!”

चाकणमधल्या सगळ्या मशीनांना हलवणारा माणूस गुपचूप खाली बसला. मुलीनं तेव्हाच फोटो काढला. पुढं कमरेपर्यंत भिजलेल्या आई, तोंड उघडं, आणि मागं दूर झाडाखाली चार पिशव्या, एक कुत्रं आणि माझा नवरा.

निघालो ते साडेपाचला नाही, सहा वाजून गेले होते. बदलाचं कारण कुणी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा बसला वेळेवर गेला, डोळे चोळत का होईना. मी शाळेत जाण्याआधी डबा भरत होते आणि आई बाहेर सोफ्यावर बसून बीडला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. पायांना तेल लावून बसल्या होत्या. मी कान दिला, कारण समुद्राबद्दल त्या काय सांगतात ते मला ऐकायचं होतं. समुद्र त्यांनी एका वाक्यात उरकला: “हाय मोठा, पानी खारट हाय.” मग पलीकडून बहिणीनं काहीतरी विचारलं. बहुतेक तिच्याही घरात हेच काम तिच्याकडे असावं. कारण आई एकदम ताठ बसल्या आणि आवाज चढवून, शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“पिशव्या? पिशव्या माझ्या लेकानं सांभाळल्या की!”